मेणाचं काळीज

माझी मुलगी उकिडवी बसायची. चालता चालता मध्येच, रस्त्यात, बांधावर, कोणाच्या वरातीत, कुठेही. जरा चालली की गुडघे पोटाशी घेऊन बसायची आणि खालून माझ्याकडे बघत राहायची. मी चिडायचे. "ऊठ गो, नखरे पुरे," म्हणायचे. सासूबाई म्हणायच्या, "आळशी हाय, बापावर गेलीय." बाप हसायचा. घरात तिला लाडाने सगळे 'बसकी' म्हणायला लागले होते. पाच वर्षांची होती.

आमचं गाव मुरबाडपासून आत, जीपच्या रस्त्यावर. भाताची शेती, आणि नवरा मुरबाडच्या एमआयडीसीत कामाला. गावाबाहेर, कातकरवाडीला लागून, मिशनच्या सिस्टरांचा दवाखाना होता. दोन कौलारू खोल्या आणि पुढे लांब बाकडं. तापाला, खोकल्याला, विंचू चावला तरी सगळं गाव तिथेच जायचं, कारण सिस्टर औषध देताना कोणाची जात विचारत नसत आणि ओरडत मात्र सगळ्यांवर सारख्याच.

मला तिथे जायला भीती वाटायची. सिस्टरांची नाही, भिंतीवरच्या तसबिरीची. नवीन लग्न होऊन आले तेव्हापासूनची ती भीती. तसबिरीत त्यांचा येशू होता, गोरा, देखणा, केस खांद्यावर आलेले. इथपर्यंत ठीक. पण त्याचं काळीज छातीच्या बाहेर होतं! लालभडक, त्याला काट्यांचा वेढा, वर आगीची ज्योत, खाली रक्ताचे थेंब. आणि तो आपल्याच बोटाने ते दाखवत होता. तोंडावर दुखल्याची एक रेघ नाही. तसबिरीखाली एक लाल झिरोचा बल्ब रात्रंदिवस जळायचा, वीज असेल तेव्हा. मी बाकड्यावर मुद्दाम पाठ करून बसायचे. मग तो पाठीवर बघतोय असं वाटायचं आणि मी पुन्हा तोंड फिरवायचे.

सासूबाईंना एकदा बोलले तर त्या हसल्या. "त्यात काय भ्यायचं? आपला मारुती नाय छाती फाडून दावत?"

"मारुतीच्या छातीत राम-सीता दिसतात, आई. ह्याच्या छातीतलं तर बाहेरच काढून ठेवलंय."

"देवाचं देवाला ठाऊक. तू गोळ्या घे नि ये," त्या म्हणाल्या.

भात झोडून झाल्यावर, थंडीच्या दिवसांत, मुलीला खोकला झाला म्हणून मी तिला घेऊन गेले. रांग लांब होती. मुलगी नेहमीसारखी रांगेतच उकिडवी बसली. सिस्टर आतून काहीतरी न्यायला बाहेर आल्या आणि तिच्यासमोर थांबल्या. उंच बाई, केरळच्या, पण मराठी आमच्यासारखंच बोलायच्या.

"ही अशीच बसते? नेहमी?"

"हो ना. आळशी आहे."

त्यांनी तिचा हात उचलून नखं बघितली. मग ओठ खाली ओढून बघितले. तिला रांगेतून उचलून आत नेलं, नळी छातीला लावली आणि ऐकत बसल्या. एवढा वेळ ऐकत बसल्या की बाहेरची माणसं कुजबुजायला लागली. मुलगी टेबलावर पडल्या पडल्या समोरची तसबीर बघत होती.

"आई, त्याचं कोणी काढलं?"

"गप्प पड."

"माझं पण काढणार?"

मी तिच्या तोंडावर हात ठेवला. सिस्टरांनी नळी कानातून काढली आणि म्हणाल्या, "मुंबईला न्या. सणवार, पाहुणेरावळे काही बघू नका. उद्याच न्या."

मुंबईच्या मोठ्या सरकारी इस्पितळात यंत्रं झाली, फोटो झाले, आणि एका डॉक्टरने कागदावर चित्र काढून आम्हाला समजावलं. चित्र मला काही काळजासारखं दिसलं नाही, कैरीसारखं दिसलं. तो म्हणाला, हृदयाला आत भोक आहे आणि फुप्फुसाकडे रक्त नेणारी वाट अरुंद आहे. छाती उघडून ऑपरेशन करावं लागेल. 'उघडून' असं म्हणाला, खिडकीबद्दल बोलावं तसं. नंबर पावसाळ्याच्या तोंडावर लागेल, तोवर सांभाळा. एकदम निळी पडायला लागली तर तिचे गुडघे छातीशी घट्ट दाबून धरा, सोडू नका, आणि तसंच उचलून आणा.

"ती मध्येच बसते ना," तो म्हणाला, "तो आळस नाही. तसं बसलं की तिला श्वास मिळतो. तिचा उपाय तिनेच शोधलाय."

आम्ही तिला बसकी म्हणत होतो. मी नवऱ्याकडे बघितलं, त्याने मान फिरवली. त्या दिवसापासून घरात तो शब्द कोणी उच्चारला नाही.

मग सुरू झालं ते नुसतं भिणं. ती झोपली की तिच्या छातीवर हात. ती हसली की भीती, रडली की त्याहून भीती, कारण रडताना ओठ जांभळे व्हायचे. तिला रडू द्यायचं नाही म्हणून ती मागेल ते द्यायचं. पोरगी आठ दिवसांत अशी बिघडली की काय सांगू! तिने चुलीपुढे बसून सकाळी सकाळी भजी मागितली तरी सासूबाई पीठ कालवायला बसायच्या.

दवाखान्यात झाडलोट करणारी एक मावशी होती, कातकरवाडीतली. तिचं कुटुंब मिशनचं झालं होतं. एक दिवस तिने मला दवाखान्याच्या मागे रडताना पकडलं आणि हाताला धरून आपल्या घरी नेलं. कुडाची झोपडी, आत स्वच्छ सारवलेलं, आणि समोरच तीच तसबीर. लहान होती, चुलीच्या धुराने कडा तपकिरी झालेल्या, पण तिला प्लास्टिकच्या फुलांची माळ, चमकी, आणि वर ताज्या अबोलीचा गजरा. माझे पाय दारातच अडले.

"ये गो वयनी, खात नाय तो," मावशी म्हणाली आणि हसली.

तिनेच मला मोतमाउलीचं सांगितलं. बांद्र्याला डोंगरीवर माउलीचं, म्हणजे येशूच्या आईचं, देऊळ आहे. ज्याचा जो अवयव दुखतो तो मेणाचा घ्यायचा आणि माउलीला वाहायचा. हात दुखला तर हात, पाय तर पाय. तिच्या पोराचा पाय मोडून सांधत नव्हता, तिने मेणाचा पाय वाहिला, आता तो वीटभट्टीवर जातो. "काळीज पण मिळतंय," ती म्हणाली. "मी बघितलंय."

मी हिंदूची. शेतकऱ्याच्या घरची सून. पण ज्या आईचं पोर निळं पडतं ना, तिला धर्म नसतो, हे मी आज छातीठोकपणे सांगते. नवऱ्याला म्हटलं, तर तो म्हणाला, "जा बाई, तुझं समाधान होत असेल तर जा." सासूबाईंनी तर देवाला देतात तसा नारळ पिशवीत घालून दिला.

माघ सरता सरता मी आणि मावशी गेलो. मुलीला घरीच ठेवली होती. देवळाबाहेर दुकानं होती ओळीने, आणि त्यांच्यात मेणाचं सगळं जग. हात, पाय, डोकी, टकली बाळं. एक घरही होतं, कौलांसकट. विमान होतं! "हे कशाला?" मी विचारलं. "परदेशात नोकरी लागावी म्हणून," दुकानवाली म्हणाली. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा हसले. मग तिने माझ्यापुढे काळीज ठेवलं. तळहातावर मावेल एवढं, विड्याच्या पानाच्या आकाराचं, पिवळट पांढरं. हातात घेतलं तर गुळगुळीत, आणि माझ्याच हाताच्या उबेने जरा मऊ लागलं. मी ते पटकन रुमालात गुंडाळलं.

आत माउली होती. तिची मला मुळीच भीती वाटली नाही. जरीची वस्त्रं, डोक्यावर मुकुट, आणि कडेवर लेकरू. बाईच ती. तिला काय समजावून सांगायचं? मी म्हटलं, बघ बाई, तुझं कडेवर आहे, माझंही राहू दे. आणि काळीज तिच्यापुढे ठेवलं.

तिथे आधीच ढीग होता. हातावर पाय, पायावर बाळ. मी डोळे मिटून उभी होते. उघडले तेव्हा एक माणूस टोपली घेऊन आला होता आणि मूठ मूठ हातपाय उचलून टोपलीत टाकत होता, बाजारात वांगी भरावीत तसे.

"कुठे नेतात हे?" मी मावशीला विचारलं.

"वितळवतात नि परत मेणबत्त्या करतात," ती सहज म्हणाली आणि मेणबत्ती लावायला पुढे गेली.

वितळवतात! तो माणूस आमच्या बाजूला सरकत होता. त्या ढिगात माझ्या मुलीचं काळीज, आणि हा ते परक्यांच्या गुडघ्यांबरोबर कढईत घालणार. आणि एक लक्षात घ्या. आमच्यात कुळाच्या देवाचा टाक घडवतात, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर देव उठवतात, तो मूळ देवाला नेऊन भेटवतात आणि घरी आणून देव्हाऱ्यात बसवतात. भेटवून आणायचं, हीच आमची रीत. देवापाशी टाकून कोणी येतं का? मी हात घातला, काळीज उचललं, माउलीच्या कठड्याला टेकवलं आणि पिशवीत घातलं. चुकले असं मला तेव्हा वाटलं नाही. घरी येईपर्यंत पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

सासूबाईंनी ते देव्हाऱ्यात टाकांच्या शेजारी बसवलं. हळद वाहिली, कुंकू वाहिलं. "ह्याला आंघोळ घालायची काय गो?" त्यांनी विचारलं, कारण आमचे टाक रोज ताम्हणात न्हातात. "घाला, पण गार पाण्याने," मी म्हटलं. नवरा कामावरून आला, बघितलं आणि म्हणाला, "मेण आहे ते. दिव्यापासून लांब ठेवा म्हणजे झालं."

मुलीला ते फार आवडलं. "हे माझं दुसरं," ती म्हणायची. "आई, माझं दुसरं बघू?" मी तिला लांबून दाखवायचे, हात लावू द्यायचे नाही. रोज सकाळी उठले की आधी तिच्या छातीवर हात, मग देव्हाऱ्यापुढे जाऊन ते बघायचं. हे नीट आहे, तेही नीट आहे. मग चूल.

होळीच्या सुमाराला मावशी काकडी द्यायला घरी आली आणि तिची नजर देव्हाऱ्यात गेली.

"आगो बाय! हे घरी आणलंस?"

"भेटवून आणलं."

"वाहिलेलं परत आणतात काय? ते तिथंच ठेवायचं असतंय गो! तिला दिलंस नि तिच्यापुढनं उचललंस?"

"मग आता काय होईल?"

मावशीने माझ्याकडे बघितलं. ती नेहमी हसणारी बाई, पण आता तिचंही तोंड उतरलं होतं. "मला काय ठाऊक," ती म्हणाली. "आमच्यात असं कोणी केलंच नाय."

तुम्हाला सांगते, मुलीचं काही वाईट होईल असं तिने म्हटलं असतं तरी मी एवढी भ्याले नसते. तिला ठाऊकच नव्हतं! कोणालाच ठाऊक नव्हतं. सिस्टरांना विचारावं तर त्या ओरडतील. नवऱ्याला म्हटलं, मी परत बांद्र्याला जाऊन ठेवून येते. तो म्हणाला, पोर घरात आजारी आणि तू मेण घेऊन फिरणार? आणि खरं सांगायचं तर, परत नेलं तरी तो टोपलीवाला होताच.

मग चैत्र लागला. आमच्या बाजूचं ऊन माहीत असलेल्याला सांगायला नको. दुपारी कौलं अशी तापतात की घरात बसलेलं माणूस भाजून निघतं. एका दुपारी मी देव्हाऱ्यापुढे गेले आणि बघते तर काळजाचं टोक वाकलेलं. अगदी जरासं. मी बोटाने सरळ करायला गेले तर बोटाचा ठसा उमटला. धावत ओटीवर गेले. मुलगी झोपली होती. ओठ बघितले, नखं बघितली. नेहमीसारखीच होती. पण नेहमीसारखं म्हणजे तरी काय, निळसरच ना!

त्या दिवसापासून मी ते काळीज वाटीत ठेवून पाण्याच्या मडक्याला टेकवून ठेवायला लागले. ओलं फडकं गुंडाळायचे. फडकं वाळलं की पुन्हा भिजवायचे. सासूबाई म्हणायच्या, "पोरीला वारा घाल नि मग त्याला घाल." मी दोघांनाही घालायचे. किराणा दुकानदाराकडे थंड बाटल्यांचा फ्रिज होता. मी स्टीलचा डबा घेऊन त्याच्याकडे गेले, म्हटलं, एवढं ठेवा, देवाचं आहे. तो म्हणाला, "वयनी, लाइट असते कुठे? माझ्या पेप्स्या पाणी होतात, तुमचा देव कसा राहील?" चेष्टा करत होता. मला तिथेच त्याच्या दुकानात बसून भोकाड पसरावंसं वाटलं.

त्याच काळात मुलीचं बसणं वाढलं. अंगणातून ओटीवर येईपर्यंत बसायची. डॉक्टर म्हणाले होते की वाढेल, ऑपरेशन होईस्तोवर वाढतच जाईल. पण मला डॉक्टर आठवत नव्हते. मला टोक वाकलेलं दिसत होतं. सकाळी ते जरा घट्ट असायचं, मुलगीही जरा बरी असायची. दुपारी दोघं ढेपाळायची. हा ताळा माझ्या मनाने असा पक्का धरला होता की कोणी कितीही सांगितलं असतं तरी सुटला नसता. नवऱ्याला सांगितलं तर तो पहिल्यांदाच माझ्यावर ओरडला. "उन्हात मेणही मऊ होतं नि आजारी पोरही! तुझं डोकं फिरलंय." फिरलं होतं. मग? पोर माझं होतं.

वैशाखातली ती दुपार. वारा पडलेला. मी मडक्याजवळ गेले तर फडकं कोरडं ठक्क, आणि वाटीत काळजाचा आकारच राहिलेला नाही. बाजू खचून एकमेकींत मिसळलेल्या, हळदीकुंकवाचे ओघळ आत गेलेले. मी ओरडणार तेवढ्यात बाहेरून सासूबाई ओरडल्या.

मुलगी ओटीवर आडवी. ओठ काळे. डोळे उघडे, पण माझ्याकडे बघत नव्हते. श्वास असा लागलेला की बरगड्या आत ओढल्या जात होत्या. सासूबाईंनी तिचे गुडघे धरले होते, पण त्यांना ते घट्ट दाबता येत नव्हते. मी तिला उचललं, गुडघे तिच्या छातीशी दाबले, आणि दुसऱ्या हाताने, कसं ते मला आजही कळत नाही, ती वाटी डब्यात कोंबून डबा काखेत घेतला आणि पळाले. अनवाणी. रस्ता तव्यासारखा तापलेला, पण पायांना काही लागलं नाही.

सिस्टरांनी तिला टेबलावर घेतलं, नाकाला ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं. मावशीला जीपवाल्याकडे पिटाळलं. मी डबा टेबलावर ठेवला होता. सिस्टरांना वाटलं औषधं असतील. त्यांनी झाकण उघडलं.

"हे काय आहे?"

"हिचं काळीज," मी म्हटलं. "वितळलं. काय होईल ते खरं सांगा, सिस्टर. मी परत आणलं म्हणून झालं का?"

त्यांनी झाकण लावलं. "आधी हिला धरा," त्या म्हणाल्या. "दोन्ही हातांनी. सोडायचं नाही."

सिस्टर सिलिंडर घेऊन आमच्याबरोबर जीपमध्ये बसल्या. मी मागच्या सीटवर, मुलगी माझ्या मांडीवर, तिचे गुडघे तिच्या छातीशी आणि माझे दोन्ही हात त्यांच्याभोवती. जीप मुरबाड ओलांडून कल्याणच्या रस्त्याला लागली. रायत्याच्या पुलावर आलो तेव्हा मला एकदम आठवलं. डबा! डबा टेबलावरच राहिला. त्या तापलेल्या कौलाखाली, फडक्याशिवाय.

"जीप फिरवा!" मी किंचाळले. "माझा डबा राहिला, फिरवा!"

ड्रायव्हरने वेग कमी केला. मी पुढे वाकले तशी माझी मिठी सैल झाली आणि मुलीच्या घशातून घरघर आली. "हात सोडू नका!" सिस्टर ओरडल्या. मी खाली बघितलं. ओठ पिकल्या जांभळासारखे. मी पुन्हा आवळलं, होतं नव्हतं ते बळ लावून आवळलं. "जाऊ दे," मी ड्रायव्हरला म्हटलं. "जाऊ दे पुढे." तो गेला. मी रडत होते, आणि कोणासाठी रडत होते ते मला कळत नव्हतं.

ती वाचली त्या दिवशी. मुंबईला पोहोचेपर्यंत ओठांचा काळा रंग जरा उतरला होता. डॉक्टर म्हणाले, आता नंबरची वाट बघायची नाही, घरी पाठवायचं नाही. नवरा कंपनीतून परस्पर आला. कागद झाले, सह्या त्याने केल्या. मला कोणी आत बोलावलं नाही, आणि मीही मुलीचा पलंग सोडला नाही.

ऑपरेशनच्या सकाळी तिला हिरवा झगा घातला. ती मला म्हणाली, "आई, माझं दुसरं आणलंस?" मी म्हटलं, "घरी आहे, बाळा." खोटंच बोलले. तिला ढकलगाडीवर घेऊन गेले, दार मिटलं. आणि तेव्हाच, अगदी तेव्हाच, हा शहाणा माणूस, माझा नवरा, मला म्हणतो, "गावच्या दुकानात फोन केला होता. मावशी म्हणत होती, डब्यातलं सगळं पातळ झालंय. नुसतं तेल. टाकून देऊ का विचारत होती."

त्याला काय, मेण ते मेण. "काय सांगितलंत?" मी विचारलं. तो म्हणाला, "राहू दे म्हटलं." मग आम्ही दोघं त्या दारासमोर बसलो. चहा आला, तसाच गार झाला. शेजारी एक बाई जपमाळ ओढत होती, मला तेही जमलं नाही. कोणत्या देवाला हाक मारायची? एकाला दिलेलं मी परत घेतलं होतं, आणि दुसऱ्याला मी कधी एवढ्या कळवळून विचारलंच नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढे फक्त तो डबा होता, आणि त्यात पिवळं तेल. दार उघडलं की मी उठून उभी राहायचे, आणि कोणीतरी भलताच बाहेर यायचा.

ऊन उतरल्यावर एक डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. कोवळी पोर होती, टोपीचा वळ कपाळावर उमटलेला.

"झालं," ती म्हणाली. "छान झालं. आता तिचं हृदय स्वतःच्या जोरावर चाललंय."

"म्हणजे आधी कोणाच्या जोरावर?"

"मशीनच्या. हलत्या हृदयावर टाके घालता येत नाहीत ना. आधी ते थंड करून थांबवतो, मग काम करतो."

"थांबवलं होतं?" मी विचारलं. "बंद केलं होतं?"

"हो. सगळ्यांचंच करतो. मग गरम रक्त आत सोडलं. ऊब लागली की ते आपण होऊन धडधडायला लागतं. तुमच्या मुलीचं तर लगेच लागलं." तिने नवऱ्याकडे बघितलं. "यांना सगळं समजावलं होतं मी."

ती गेली. मी नवऱ्याकडे वळले. तो जमिनीकडे बघत होता. मेणाचं सांगायला हा माणूस धावत आला, आणि हे पोटात ठेवून दोन रात्री माझ्या शेजारी बसला होता. मी त्याचा दंड धरला आणि भर वऱ्हांड्यात ओरडले, "मला का नाही सांगितलंत? माझ्या पोरीचं काळीज बंद करणार हे मला का नाही सांगितलंत?"

त्याने मान वर केली. डोळे लाल झाले होते. माझा हात त्याने सोडवला नाही.

"सांगितलं असतं," तो म्हणाला, "तर तू मला सही करू दिली असतीस?"

मला ती जीप दिसली, तो डबा दिसला, मेणासाठी फडकं भिजवणारी मी दिसले. खोटं बोलायचं म्हटलं तरी जमलं नसतं.

"नसती दिली," मी म्हटलं. आणि ते शब्द तोंडातून बाहेर पडल्यावर मला जी भीती वाटली, ती त्या सबंध उन्हाळ्यात वाटली नव्हती.